जांभ्याचा सडा आणि चिरेखाण : 'एस ऑफ स्पेड्स'च्या एका नकाशाच्या प्रकल्प नोंदी

ज्यांना ठोकळ्यांचा नकाशा, म्हणजे खेळाची रणभूमी, स्वतः घडवून तो मित्रांसह खेळायचा आहे, त्यांच्या उपयोगासाठी या नोंदी ठेवल्या आहेत. 'एस ऑफ स्पेड्स' हा ठोकळ्यांच्या जगातला, दोन संघांचा नेमबाजीचा विनामूल्य ऑनलाइन खेळ बेन अक्सॉय यांनी २०११ मध्ये चाचणी आवृत्तीच्या रूपात खुला केला. पुढे तो जॅजेक्स या कंपनीकडे गेला, डिसेंबर २०१२ मध्ये स्टीम या खेळविक्रीच्या संकेतस्थळावर त्याची निराळी, विकत घ्यावी लागणारी आवृत्ती आली आणि २०१९ मध्ये तिचे सर्व्हर बंद झाले. मूळ विनामूल्य खेळ मात्र खेळाडूंनीच जिवंत ठेवला आहे. खेळण्यासाठी 'ओपनस्पेड्स' आणि सर्व्हर चालवण्यासाठी 'पीकसर्व्हर' ही दोन्ही साधने मुक्त परवान्याखाली मिळतात, आणि या प्रकल्पात तीच वापरली आहेत.

९ नोव्हेंबर २०२४

विषय ठरला. किल्ला करावा असा मित्रांचा आग्रह होता, पण तो मी मान्य केला नाही. या खेळात प्रत्येक खेळाडूच्या हाती फावडे असते, फावड्याच्या एका प्रकारच्या घावात एकावर एक असे तीन ठोकळे निघतात आणि ग्रेनेडने तीन बाय तीन बाय तीन ठोकळ्यांचा घन उडतो. तटबंदी कितीही देखणी केली तरी दोन्ही बाजूंचे खेळाडू ती थोड्याच वेळात भोके पाडून निरुपयोगी करतात, आणि मग किल्ल्याच्या जागी फक्त एक टेकडी उरते. म्हणून सगळे बांधकाम मोडून पडल्यावरही खेळण्याजोगी राहील अशी जमीन मला हवी होती.

रत्नागिरीच्या आसपासच्या सड्यांवरील, म्हणजे कातळी पठारांवरील, चिरेखाणी या दृष्टीने फारच योग्य वाटल्या. जांभा हा दगड मुळातच आयताकृती चिऱ्यांत कापला जातो, त्यामुळे खाणीच्या भिंती सरळ उभ्या, तळ सपाट आणि कडा पायऱ्यापायऱ्यांच्या असतात. ठोकळ्यांच्या जगात डोंगराचा उतार नेहमीच खोटा दिसतो, पण चिरेखाण जशी असते तशीच उतरते. शिवाय उघडा कातळ काळपट आणि नुकताच कापलेला जांभा तांबडा, त्यामुळे खेळाडूला दुरूनही सड्याची पातळी आणि खाणीचा कापलेला भाग वेगळा ओळखता येतो.

१६ नोव्हेंबर २०२४

मापे ठरवली. नकाशा नेहमी ५१२ × ५१२ ठोकळ्यांचा आणि ६४ ठोकळे उंचीचा असतो, यात काहीच बदल करता येत नाही. उंचीचा आकडा वरून खाली वाढतो, म्हणजे ० हे आकाश आणि ६३ हा पाण्याचा थर. सर्वात खालचे दोन थर, म्हणजे ६२ आणि ६३, खेळाडूंना फोडता येत नाहीत. सुरुवात करणाऱ्याने हे कागदावर लिहून समोर ठेवावे, कारण कामाचा प्रत्येक निर्णय या दोन थरांशी येऊन थांबतो.

सड्याची पातळी ४० ठेवली. मधली मोठी खाण ५८ पर्यंत उतरते, म्हणजे खाणीच्या तळाखाली फोडता येणारे थर मोजकेच राहतात आणि तळातून खोल भुयार काढून कोणी नाहीसा होऊ शकत नाही. सोडून दिलेल्या खाणींत पावसाचे पाणी साठते, तशी एक जुनी खाण मला उत्तरेला हवी होती. पण पाणी फक्त ६३ वरच असू शकते, सड्यावर मध्येच पाण्याचे डबके करता येत नाही. त्यामुळे ती एक खाण थेट तळापर्यंत नेली. ती वास्तवापेक्षा खूप खोल झाली आहे, आणि हे मला खटकत असले तरी त्याला दुसरा मार्ग नाही.

निळा संघ पश्चिमेला हापूसच्या कलमांच्या बागेत, हिरवा संघ पूर्वेला रचून ठेवलेल्या चिऱ्यांच्या चट्ट्यांमध्ये, मध्ये मोठी खाण आणि दक्षिणेला पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा कोरडा व्हाळ (ओढा) अशी मांडणी ठरली. दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या सारख्या केल्या नाहीत, पण दोन्ही संघांच्या तळाच्या तंबूंपासून खाणीच्या काठापर्यंतचे अंतर सारखे राखले.

२४ नोव्हेंबर २०२४

हाताने एकेक ठोकळा ठेवण्याऐवजी पायथनमधील छोट्या प्रोग्रामने नकाशाची फाइल तयार करण्याचा मार्ग घेतला. प्रत्येक बिंदूची उंची एका चित्रात करड्या छटांनी रंगवायची आणि प्रोग्रामने ती वाचून उभे स्तंभ लिहायचे, अशी पद्धत आहे. असे स्तंभ २,६२,१४४ होतात. प्रत्येक स्तंभाला निदान चार बाइटांचे शीर्षक आणि एका रंगाचे चार बाइट लागतात, त्यामुळे अगदी सपाट नकाशाची फाइलही २० लाख बाइटांहून मोठी होते.

पहिल्याच प्रयत्नात सगळा सडा निळा दिसला. या फाइलमध्ये रंग लाल, हिरवा, निळा या क्रमाने नव्हे तर निळा, हिरवा, लाल या क्रमाने लिहावे लागतात, आणि जांभ्याच्या तांबड्यावर या उलटापालटीचा परिणाम सर्वात ठळक दिसतो. हे लगेच दुरुस्त झाले.

खाणीच्या भिंतींनी अधिक वेळ घेतला. प्रोग्राम प्रत्येक स्तंभाचा फक्त सर्वात वरचा ठोकळा रंगवत होता, त्यामुळे उभ्या भिंती खेळाच्या ठरीव मातकट तपकिरी रंगात आल्या आणि कापलेल्या जांभ्याचा तांबडा कोठेच दिसेना. प्रत्येक स्तंभाच्या चारही शेजाऱ्यांपैकी सर्वात खोल शेजारी शोधायचा आणि आपल्या माथ्यापासून तेथपर्यंत सगळे ठोकळे रंगवायचे, हा त्यावरचा उपाय आहे. रंगीत पट्ट्याचा, म्हणजे एका स्तंभातल्या रंगवलेल्या सलग ठोकळ्यांचा, शेवटचा आकडा त्या पट्ट्यातच धरलेला असतो, हे ध्यानात ठेवावे, अन्यथा प्रत्येक भिंतीच्या पायाशी एक तपकिरी रेघ उरते.

१ डिसेंबर २०२४

हा आठवडा जवळजवळ वाया गेला, आणि तो का गेला हे इतरांना कळावे म्हणून सविस्तर लिहितो.

खेळाडूने खाणीची भिंत खोदली की आतून तपकिरी माती निघते. जांभ्याच्या सड्यात ती शोभत नाही, आतूनही तांबडेच निघाले पाहिजे, असे मला वाटत होते. फाइलच्या रचनेत रंगीत पट्टा कितीही खोल लिहिता येतो, म्हणून प्रत्येक स्तंभ तळापर्यंत तांबडा लिहून पाहिला. फाइल खूप फुगली. ती सर्व्हरवर चढवून खेळलो, तर आतले सगळे ठोकळे पुन्हा तपकिरीच. सर्व्हर नकाशा वाचून आपल्या पद्धतीने नव्याने लिहितो आणि खेळाडूला पाठवताना फक्त हवेला लागलेल्या ठोकळ्यांचे रंग पाठवतो, त्यामुळे आत लिहिलेला तांबडा रंग वाटेतच गळतो.

मी भिंतींच्या आत पोकळ कप्पे ठेवून ठोकळे उघडे करण्याचाही प्रयोग केला. त्यात रंग टिकले, पण फावड्याच्या पहिल्या घावातच भिंत पोकळ निघू लागली आणि भुयारे आयती तयार मिळू लागली, म्हणून तो सोडून दिला. शेवटी उलट मार्ग धरला. खेळाचा तपकिरी रंग स्थिर मानून भिंतींचा तांबडा थोडा मातकट केला, इतका की खोदलेला भाग आणि मूळ भिंत यांत फरक दिसावा, पण डोळ्यांना बोचू नये. आता खोदलेल्या जागा ओळखू येतात आणि प्रतिस्पर्धी कोठून गेला हे खेळाडूला कळते. माझ्या मते हे खेळासाठी मूळ कल्पनेपेक्षा चांगले आहे.

८ डिसेंबर २०२४

सर्व्हरचे काम. घरच्या संगणकावरून सर्व्हर चालवण्याचा बेत होता. राउटरमध्ये पोर्ट (जोडणीचे क्रमांकित दार) उघडूनही बाहेरून कोणीच आत येईना. घरच्या जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता नसून अनेक ग्राहकांमध्ये मिळून एकच पत्ता वापरला जातो, असे निष्पन्न झाले. स्वतंत्र पत्त्यासाठी वेगळी वार्षिक रक्कम मागितली गेली. त्यापेक्षा मुंबईतील डेटा सेंटरमधले एक लहान आभासी यंत्र भाड्याने घेणे स्वस्त पडले. त्याचे महिन्याला सुमारे ४०० रुपये होतात. एक गीगाबाइट स्मृती या कामाला पुरते.

पीकसर्व्हर बसवताना त्यातील काही भाग त्याच यंत्रावर संकलित (कंपाइल) व्हावे लागतात. भाड्याच्या यंत्रावर कंपायलर आणि पायथनच्या विकासाच्या फाइली नसल्यामुळे बसवणी मध्येच तुटली. त्या आधी घालून मग बसवणी केली की अडचण येत नाही.

त्यानंतरही जोडणी होईना. हा खेळ ३२८८७ या पोर्टवर यूडीपी पद्धतीने बोलतो, आणि भाड्याच्या यंत्राच्या संरक्षक भिंतीत (फायरवॉलमध्ये) फक्त टीसीपी ही दुसरी पद्धत उघडलेली होती. यूडीपी वेगळे उघडावे लागते. ओपनस्पेड्समध्ये पत्ता हाताने लिहून जोडणी करताना ०.७५ आणि ०.७६ यांपैकी योग्य आवृत्ती निवडणेही आवश्यक आहे. आमचा सर्व्हर ०.७५ चा आहे, आणि ०.७६ निवडून आलेल्या प्रत्येक मित्राला तो परत पाठवत होता.

नकाशा उतरायला मात्र वेळ लागत होता. प्रवेश करणाऱ्या प्रत्येक खेळाडूला सर्व्हर संपूर्ण नकाशा दाबून लहान करून पाठवतो. कातळ खरा वाटावा म्हणून मी प्रत्येक ठोकळ्याला किंचित वेगळी छटा दिली होती, आणि अशा विस्कळित छटा नीट दाबल्या जात नाहीत. काळ्या, तांबड्या आणि गवताच्या पिवळ्या अशा प्रत्येक रंगाच्या चारच छटा ठरवून त्या लहान पट्ट्यांत वापरल्यावर पाठवायचा भाग निम्म्याहून कमी झाला, आणि दिसण्यात काहीच उणे झाले नाही.

१५ डिसेंबर २०२४

रत्नागिरी, पुणे आणि ठाण्यातील मित्रांसह पहिली चाचणी. नकाशा दिसायला सर्वांना आवडला, पण खेळायला अतिशय वाईट निघाला. दोष तीन होते, आणि तिन्ही मुळातले.

पहिला दोष सड्याच्या सपाटपणाचा. या खेळात धुक्यामुळे साधारण १२८ ठोकळ्यांपलीकडचे दिसत नाही, पण तेवढ्या अंतरात आडोसा नसेल तर रायफल घेतलेला एकच खेळाडू साऱ्या सड्यावर हुकूम गाजवतो. एसएमजी (जलद गोळ्या झाडणारी छोटी बंदूक) आणि शॉटगन घेणाऱ्यांना खाणीच्या काठापर्यंतही पोहोचता आले नाही.

दुसरा दोष पायऱ्यांचा. खाणीची कड एक एक ठोकळ्याच्या पायऱ्यांनी उतरवली होती. खेळाडू चालत असेल तर एका ठोकळ्याची पायरी आपोआप चढतो, पण धावत असेल तर चढत नाही, अडून राहतो. घाबरून खाणीबाहेर पळणारा प्रत्येक जण पहिल्या पायरीवर अडकत होता आणि तेथेच मारला जात होता. नकाशात एकटा फिरताना हे मला जाणवले नव्हते, कारण एकटा फिरताना मी धावतच नव्हतो.

तिसरा दोष तंबूचा. जागा ठरवून न दिल्यास सर्व्हर संघाच्या बाजूला कोठेतरी तंबू ठेवतो आणि उंची ठरवताना त्या बिंदूवरचा सर्वात वरचा ठोकळा धरतो. त्यामुळे निळ्या संघाचा तंबू आंब्याच्या झाडाच्या माथ्यावर लागला. गोळ्या आणि ठोकळे पुन्हा भरून घेण्यासाठी तंबूशी जावे लागते, म्हणून सगळा निळा संघ झाडाला टेकू देत चढण्यात गुंतला.

२२ डिसेंबर २०२४

सपाटपणावर उपाय सड्यावरच सापडला. कोकणात जमिनीच्या हद्दी चिऱ्यांच्या किंवा सुट्या दगडांच्या गडग्यांनी आखलेल्या असतात. दोन ठोकळे उंचीचे गडगे सड्यावर वाकडेतिकडे नेले. बसलेला खेळाडू त्यामागे पूर्ण झाकला जातो आणि उभ्या खेळाडूचे डोके वर राहते, त्यामुळे आडोसा घ्यायचा की नेम धरायचा हे प्रत्येक क्षणी निवडावे लागते. गडगे फुटणार हे गृहीत धरून त्यांच्या एका बाजूला जमीन एक ठोकळा खोल केली, म्हणजे दगड उडाले तरी अंग चोरण्यापुरता खळगा उरतो. मोकळ्या सड्याच्या मध्यभागी चार लहान, अर्धवट सोडलेल्या खाणी काढल्या. कोणत्याही आडोशापासून पुढचा आडोसा आता ३० ठोकळ्यांच्या आत आहे.

पायऱ्यांबाबत, ट्रक खाणीत उतरतो तसा एक लांब रस्ता पूर्वेला आणि एक पश्चिमेला केला. दर पाच ठोकळ्यांना एक ठोकळा उतार, म्हणजे १८ ठोकळ्यांच्या खोलीसाठी ९० ठोकळ्यांचा रस्ता. धावणाऱ्याला तेथेही उडी मारावी लागते, पण दोन उड्यांच्या मध्ये वेग पकडता येतो. उरलेल्या कडा सरळ उभ्या केल्या. तेथून उडी मारणाऱ्याला इजा होते, म्हणून घाईत खाली उतरण्याची किंमत मोजावी लागते.

तंबू आणि इंटेल (प्रतिस्पर्धी संघाकडून पळवून आणायची पेटी) यांच्या जागा नकाशासोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये नेमून दिल्या. पुन्हा जिवंत होण्याच्या जागाही तेथेच ठरवता येतात आणि त्या ठरवाव्याच.

५ जानेवारी २०२५

कोसळण्याचा प्रश्न. जमिनीशी संबंध तुटलेला ठोकळ्यांचा समूह या खेळात हवेत राहत नाही, खाली पडून नाहीसा होतो. खाणकामगारांच्या पत्र्याच्या झोपड्या मी चार एकेरी खांबांवर उभ्या केल्या होत्या. चारही खांब गोळ्यांनी पाडले की छत जाते, आणि प्रत्येक फेरीत पहिल्या काही मिनिटांतच ते जात होते. झोपडीच्या दोन बाजूंना चिऱ्यांच्या दोन ठोकळे जाड भिंती घातल्यावर त्या बराच वेळ टिकू लागल्या.

याहून गंभीर प्रकार खाणीच्या दक्षिण कडेला घडला. तेथे सड्याचा मोठा भाग मी पुढे झुकलेला ठेवला होता. एका खेळाडूने तो मागच्या बाजूने खोदून सुटा केला, आणि इतका मोठा समूह एकदम कोसळताना सर्व्हर काही क्षण थबकला, दोघांची जोडणी तुटली. तो झुकलेला भाग काढून टाकून तेथे भरीव कडा ठेवली. लटकते मोठे भाग दिसायला छान असतात, पण लहान सर्व्हरवर ते ठेवू नयेत, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

आंब्याची झाडे मात्र एकेरी खोडाचीच ठेवली आहेत. खोड तोडले की सगळे झाड जाते, आणि झाडावर बसून नेम धरणाऱ्यावर हा चांगला उपाय ठरतो.

१२ जानेवारी २०२५

सड्यावर एक कातळशिल्प कोरावे असा मोह झाला. उक्षी, कशेळी, बारसू येथील सड्यांवर अशी शिल्पे आहेत, आणि कोकणातील कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत घेतली गेली आहेत. हत्तीची एक आकृती एक ठोकळा खोल रेषांनी कोरून पाहिली. उभ्या खेळाडूच्या नजरेच्या उंचीवरून ती आकृती म्हणून दिसतच नाही, फक्त वेड्यावाकड्या चरांसारखी भासते, आणि खेळात तिचा चर म्हणूनच वापर झाला. पहिल्याच फेरीत ग्रेनेडनी तिचे तुकडे झाले. चिरेखाणींमुळे खऱ्या सड्यांवरील शिल्पांना असलेला धोका मला ठाऊक आहे, आणि माझ्या नकाशात तेच दृश्य करमणूक म्हणून दर फेरीला घडावे हे मनाला पटेना. शिल्प काढून टाकले.

२६ जानेवारी २०२५

दुसरी मोठी चाचणी. सर्व्हरवर ३२ खेळाडूंची मर्यादा आहे. आम्ही तितके नव्हतो, तरी दोन्ही संघ पुरेसे भरले होते. मोकळा सडा आता एकतर्फी राहिला नाही. सर्वात चुरशीची लढत व्हाळात झाली, आणि हे मला अनपेक्षित होते. व्हाळाच्या काठातून थेट खाणीच्या भिंतीपर्यंत भुयार खोदून हिरवा संघ इंटेल घेऊन गेला. भिंतीत पडलेला तपकिरी डाग पाहून निळ्या संघाने दुसऱ्या वेळी त्याच भुयाराचे तोंड अडवले. रंगांवर घालवलेल्या आठवड्याचे चीज येथे झाले.

अडचण आली ती खाणीत उतरणाऱ्या रस्त्यांची. प्रत्येकाकडे ५० ठोकळे असतात, खोदून आणखी मिळतात, आणि काही जणांनी पश्चिमेचा रस्ता भिंती बांधून पार बंद केला. माहितीच्या फाइलमध्ये ६४ × ६४ ठोकळ्यांचे चौकोन नावाने संरक्षित करता येतात, तेथे काहीच बांधता किंवा फोडता येत नाही. पण संपूर्ण रस्ता संरक्षित केला असता तर त्याच्या कडेची खाणीची भिंतही अभेद्य झाली असती, आणि मग या खेळाचा मूळ आनंदच उरला नसता. म्हणून फक्त दोन्ही तंबूंचे चौकोन संरक्षित केले आणि रस्ता सहा ठोकळ्यांवरून चौदा ठोकळे रुंद केला. इतका रस्ता बंद करायला अनेकांचे ठोकळे एकत्र लागतात, आणि तोवर प्रतिस्पर्धी येऊन पोहोचतो. मुद्दाम नासधूस करणाऱ्यांसाठी, कोणी अलीकडे किती ठोकळे काढले हे दाखवणारी पीकसर्व्हरमधील सोय सुरू केली आहे.

९ फेब्रुवारी २०२५

नकाशा आणि त्याची माहितीची फाइल मित्रांना वाटली. धुक्याचा मूळ आकाशी रंग बदलून तो फिकट, धुळकट केला आहे, कारण निळ्या धुक्यासमोर तांबडी जमीन परकी दिसत होती. सर्व्हर नकाशा पुन्हा चढवतो तेव्हा सगळी मोडतोड पुसली जाऊन सडा मूळ रूपात येतो. फेरी फार लांबली तर मधली खाण आणि व्हाळ एकमेकांत मिसळून जातात, म्हणून नकाशा ठरावीक वेळाने बदलत ठेवावा.

दोन दोष शिल्लक आहेत. उत्तरेच्या पाण्याच्या खाणीकडे कोणी जात नाही, कारण तेथून इंटेलकडे जाणारा जवळचा मार्ग निघत नाही. तिच्या पूर्व कडेला एक उतार काढून पाहणार आहे. पूर्वेचे चिऱ्यांचे चट्टे अजून फार उंच आहेत, त्यांवर चढलेल्या हिरव्या खेळाडूला कलमांच्या बागेची कड दिसते. ते तीन ठोकळ्यांनी उतरवून पुढची चाचणी घ्यायची आहे.